कचराकुंडीचा घसारा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा चांगले विषय आधीच वाटून झाले होते. पहिला गणेशोत्सव एकाने घेतला, टँकरचे दिवस दुसऱ्याने, लिफ्टची रडकथा तिसऱ्याने. माझ्या वाट्याला "काहीतरी इतिहासाचं लिहा" एवढंच उरलं. म्हणून सोसायटीचे जुने अल्बम चाळायला घेतले आणि एक गंमत लक्षात आली. फोटो ध्वजवंदनाचा असो, होळीचा असो की कोजागिरीचा, एका कोपऱ्यात कचऱ्याचा डबा आहेच. कोणी मुद्दाम टिपलेला नाही, पण आहे. पहिल्या काही वर्षांत गेटजवळची सिमेंटची गोल कुंडी, मग निळं प्लास्टिकचं पिंप, मग बागेत चोच उघडून उभा असलेला पेंग्विन आणि अलीकडे चाकांच्या हिरव्या-निळ्या पेट्या. फोटोमागे तारीख नसली तरी डबा बघून साल सांगता येतं.

बँकेत हयात गेल्यामुळे मला कुठलीही वस्तू दिसली की तिचा घसारा दिसतो. घसारा म्हणजे वापरामुळे दरवर्षी कमी होत जाणारी किंमत. टेबल-खुर्चीचा घसारा आपण ताळेबंदात दाखवतो, कचरापेटीचा दाखवत नाही. ती एकदा घेतली की कायमची, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात घरातली आणि रस्त्यावरची कुठलीच वस्तू इतक्या हालात दिवस काढत नाही. ऊन, पाऊस, आंबलेला कचरा, कुत्री, विडीचं थोटूक आणि वर येता-जाता मारलेली लाथ. ती कशाची बनवायची आणि कोणी सांभाळायची, या प्रश्नाला जगात दीडशे वर्षांचा तरी इतिहास आहे. तो वाचताना मला बराच वेळ आपल्याच सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त वाचतोय असं वाटत होतं.

'डस्टबिन' हा शब्द आपण पूर्ण मराठी करून टाकला आहे, पण त्यातला 'डस्ट' म्हणजे धूळ नव्हे, राख. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या आणि रोज निघायची ती मुख्यतः राख. ती नेणारा तो डस्टमन, ती साठवायची जागा ती डस्टबिन. राखेला भावही होता, कारण विटा पाडणारे ती विकत घेत. डिकन्सच्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरीत तर अशा ढिगांवर श्रीमंत झालेल्या माणसाच्या वारशाचीच भानगड आहे. गरम राख लाकडी पेटीत टाकली तर पेटीच पेटायची, म्हणून डबा पत्र्याचा झाला. पुढे कित्येक पिढ्या 'डबा म्हणजे पत्र्याचा' हे समीकरण राहिलं ते या राखेमुळे.

आपल्याकडे राख टाकण्याची चैन नव्हती. चुलीतली राख भांडी घासायला जायची, कडधान्याला कीड लागू नये म्हणून त्यात मिसळली जायची. माझं लहानपण सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गेलं. घरात केरसुणी होती, सुपली होती, पण कचऱ्याचा डबा नव्हता. परसात उकिरडा होता. शेण, पालापाचोळा, भाजीची देठं, सगळं तिथे. पावसाळ्याआधी तोच उकिरडा बैलगाडीत भरून शेतात जायचा. 'उकिरड्याची दैना बारा वर्षांनीसुद्धा फिटते' असं म्हणतात, आमच्या उकिरड्याची दरवर्षी फिटत होती. उकिरड्यातून शेताकडे जाणारी वाट तुटली की डब्याची गरज पडते, आणि ती वाट पहिल्यांदा तुटते ती शहरात.

पॅरिस शहरात ती तुटली होती. लोक रात्री घरापुढे रस्त्यावर कचऱ्याचे ढीग टाकत, सकाळी गाड्या येत. मधल्या वेळात हजारो कचरावेचक कंदील घेऊन ढीग उपसत आणि चिंध्या, हाडं, काच, कागद वेचत. १८८३ मध्ये तिथे युजेन पूबेल नावाचे प्रिफेक्ट, म्हणजे आपल्याकडचे आयुक्त म्हणा ना, कारभार बघू लागले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी फर्मान काढलं आणि जानेवारी १८८४ पासून ते अमलात आलं: प्रत्येक इमारतीच्या मालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचा डबा स्वतःच्या खर्चाने ठेवायचा. ४० ते १२० लिटर मापाचा. डबे तीन: कुजणाऱ्या कचऱ्याला एक, कागद-कापडाला एक, काच, चिनीमाती आणि शिंपल्यांना एक. ओला-सुका वेगळा करा म्हणून सांगितलं की "ही कसली नवीन फॅडं" असं आपल्याकडे काही जण म्हणतात, त्यांनी हे साल लक्षात ठेवावं. डब्याचं वर्णन त्या वेळच्या वर्तमानपत्रात आलं होतं: लाकडी पेटी, आतून कल्हईच्या पत्र्याचं अस्तर, म्हणजे काही गळायला नको. एका डब्यात दोन माल आले ते असे. ताकद लाकडाची, पाणी अडवायला पत्रा.

घरमालक खर्चाच्या नावाने ओरडले. कचरावेचक त्याहून मोठ्याने ओरडले, कारण झाकणाने त्यांचं पोट बंद केलं होतं. शेवटी सकाळी गाडी येण्याआधी डबे चाळायची मुभा त्यांना मिळाली. तीन डब्यांचं वर्गीकरण मात्र लोकांनी नीट केलंच नाही. लोकांनी रागाने त्या डब्याला साहेबांचंच नाव दिलं. आजही फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला 'पूबेल' म्हणतात. आपल्या नावाचा एखादा चौक व्हावा असं प्रत्येक अधिकाऱ्याला मनातून वाटत असतं. या गृहस्थांचं नाव शहरातल्या प्रत्येक दारात गेलं.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८८८ मध्ये, मुंबईचा महापालिका कायदा झाला. सार्वजनिक कचरापेट्या आणि कचरा टाकायच्या जागा पुरवणं हे त्यात आयुक्तांचं काम ठरलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात त्याने काय काय घडवलं ते आपण शाळेत शिकलो आहोत. उंदरांची आणि उघड्या कचऱ्याची दहशत लोकांच्या मनात तेव्हापासून बसली.

पत्र्याची अडचण गंजाची. तिच्यावर उपाय निघाला होता जस्ताचा. तापवलेल्या रसात लोखंडी पत्रा बुडवून त्यावर जस्ताचा थर चढवायचा. फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या अभियंत्याने १८३७ मध्ये याचं पेटंट घेतलं. यातली खुबी मला फार आवडते. जस्त नुसतं झाकण घालत नाही. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. घरातल्या कर्त्या माणसासारखं. पण हे जस्तही कधीतरी संपतं, आणि आधी संपतं ते तळाशी. ओल्या कचऱ्याचं आंबट काळं पाणी तळाच्या जोडावर साचतं, बाहेरून ओली जमीन, वर डबा फरफटत नेण्याची आपली सवय. म्हणून पत्र्याचा डबा वरून नवाकोरा आणि उचलला की बूड खाली, असा प्रकार होतो. डबा जमिनीपासून चार बोटं वर, स्टँडवर ठेवायचा, तळाला पाणी निघायला भोक ठेवायचं आणि भोकाखाली काय येतं ते रोज धुवायचं, एवढं केलं तर तोच डबा दुप्पट टिकतो. जस्त नसलेला साधा पत्रा असेल तर दर उन्हाळ्यात गंज खरवडून, रेड ऑक्साइड मारून वर ऑइल पेंट द्यावा लागतो. नुसता वरून रंग मारला की गंज आत पोसत राहतो. आणि ब्लीचिंग पावडर. दुर्गंधी मारायला ती सढळ हाताने टाकतात, पण पत्र्यालाही ती खाते.

युरोपातल्या मोठ्या रस्त्यांवर बिडाच्या पेट्या आल्या. बीड म्हणजे आपल्या आजीच्या तव्याचं लोखंड. नक्षीदार, जड, चोरीला न जाणारी, शंभर वर्षं उभी राहणारी. टिकाऊपणाच्या परीक्षेत बीड पहिलं यावं. पण बीड वाकत नाही, फुटतं. २० मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन या गावी, बाजारपेठेच्या रस्त्यावरच्या दोन कचरापेट्यांमध्ये ठेवलेले बॉम्ब फुटले. पेट्या बिडाच्या होत्या. त्यांच्याच चिंधड्या गर्दीत उडाल्या. तीन आणि बारा वर्षांची दोन मुलं गेली, कितीतरी जखमी झाले. दोनच वर्षं आधी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरही कचरापेटीतच स्फोट झाला होता. त्यामुळे कित्येक वर्षं लंडनच्या स्टेशनांवरून कचरापेट्याच नाहीशा झाल्या. १९९५ मध्ये पॅरिसमध्येही तसंच घडलं आणि तिथे पेटीऐवजी लोखंडी कडीला अडकवलेली पारदर्शक पिशवी आली. पूबेलच्या शहरात झाकण तर गेलंच, भिंतही गेली. त्याच साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला. त्यानंतर तिथल्या सार्वजनिक पेट्या काढल्या गेल्या आणि लोक आपला कचरा बॅगेत घालून घरी नेऊ लागले. आपल्यालाही हा अनुभव आहे. १३ सप्टेंबर २००८ ला दिल्लीत झालेल्या स्फोटांपैकी कॅनॉट प्लेस भागातले बॉम्ब कचरापेट्यांत ठेवलेले होते.

पेटीचा माल निवडणं म्हणजे फक्त किंमत आणि टिकाऊपणा बघणं, असं मला हे वाचेपर्यंत वाटत असे. पेटी रस्त्यावर उभी असते आणि तिच्या शेजारून पोरंबाळं जातात, हा हिशेब कोटेशनमध्ये नसतो.

आता आपल्या सिमेंटकडे येतो, कारण सिमेंटशी माझं जुनं वैर आहे. नोकरीत असताना बदल्यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातली आठ-नऊ गावं राहून झाली. प्रत्येक गावात नाक्यावर एकच दृश्य: ह्यूम पाइपाचा तुकडा उभा करून केलेली नाहीतर विटा-सिमेंटने बांधून काढलेली कचराकुंडी, वर पांढरा चुना आणि त्यावर गेरूने 'कचरा कुंडीतच टाका'. कचरा कुंडीभोवती. कारण कुंडीचा काठ चुकवून लांबून फेकायची आपली पद्धत. नगरपालिकांना सिमेंट का आवडलं ते समजण्यासारखं आहे. स्वस्त, गंजत नाही, जळत नाही, चोर नेत नाही. कंत्राटदाराला करायला सोपी. देखभाल शून्य, असं कागदावर लिहिता येतं.

मी एकदा बसल्या बसल्या हिशेब केला. तीन फूट व्यासाची, अडीच फूट उंचीची, तीन इंच जाडीची सिमेंट काँक्रीटची कडी घेतली तर तिचं वजन साधारण साडेतीनशे किलो भरतं. ती उचलून गाडीत पालथी करणं कोणाला शक्य आहे? मग ती रिकामी कशी होते? तर माणूस वाकतो, फावड्याने नाहीतर हाताने ओढून कचरा घमेल्यात भरतो, घमेलं डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीत टाकतो. तळाशी फावडं पोचत नाही तेव्हा आत उतरतो. काच, दाभण, फुटका बल्ब, इंजेक्शनची सुई, सगळं त्या हाताला लागतं. कुंडीची देखभाल शून्य नव्हती. ती एका माणसाच्या कंबरेच्या आणि तळहाताच्या खात्यावर नावे पडत होती आणि ताळेबंदात दिसत नव्हती. सिमेंट खरं तर टिकतही नाही. ते सच्छिद्र, आंबट पाणी पितं, वास मुरतो तो धुऊन जात नाही. पाणी आतल्या सळईपर्यंत पोचलं की सळई फुगते आणि पापुद्रे सुटतात. आपल्या गेटजवळची कुंडी बिल्डरने बांधून दिली होती. ती काढताना दोन दिवस ब्रेकर चालला होता आणि आतली सळई बोटाने मोडत होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

या प्रकाराला पहिला मोठा धक्का बसला तो सुरतमुळे. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेग आला आणि लोक शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव तिथे आयुक्त म्हणून आले आणि थोड्या काळात त्यांनी शहराचा चेहरा बदलला. १९९६ मध्ये बंगळुरूच्या अल्मित्रा पटेल यांनी शहरांच्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने समिती नेमली आणि त्यातून २५ सप्टेंबर २००० रोजी केंद्र सरकारचे नागरी घनकचरा नियम आले. आपल्या सोसायटीची नोंदणी त्याच वर्षीची, म्हणजे आपण आणि हे नियम एकाच वयाचे. योगायोग असा की संत गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियानही राज्यात त्याच आर्थिक वर्षात सुरू झालं. बाबांच्या हातात खराटा आणि डोक्यावर फुटकं गाडगं. मातीच्या भांड्याचा इतका मान दुसऱ्या कोणी वाढवला नसेल.

त्या नियमांत पेट्यांचे रंग ठरवून दिले होते: कुजणाऱ्याला हिरवा, पुनर्वापराच्या मालाला पांढरा, बाकीच्याला काळा. आज आपण सुक्याला निळा वापरतो, तो रंग नंतर रूढ झाला. रंगांची चर्चा पुष्कळ झाली. त्याच परिशिष्टात एक छोटं वाक्य होतं, त्याची फारशी झाली नाही. कचरा हाताने हाताळणं बंद करावं, आणि अगदीच टाळता येत नसेल तर पुरेशी काळजी घेऊन करावं, असा त्याचा आशय. हे वाक्य अमलात आणायचं म्हटलं की सिमेंटची कुंडी आपोआप बाद होते. उचलता किंवा लोटता येईल अशीच पेटी हवी. म्हणजे मालाचा निर्णय त्या एका वाक्याने करून टाकला होता.

लोटता येणारी पेटी तोवर प्लास्टिकने शक्य केली होती. जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी १९५३ मध्ये घट्ट, कडक पॉलिथिन कमी दाबाखाली बनवायची रीत शोधली, त्याबद्दल त्यांना पुढे नोबेलही मिळालं. आपल्या बादल्या, पिंपं, कॅन, सगळं याच जातीचं. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या स्लाउ गावच्या एका कारखान्यात आतल्या आत कचरा हलवायला दोन चाकांची प्लास्टिकची पेटी तयार झाली. तीच पुढे जगभर पसरली. आपल्या पार्किंगमधली २४० लिटरची पेटी तिचीच नात. रिकामी असताना वजन पंधरा किलोच्या आत. आता ते साडेतीनशे किलो आठवा.

प्लास्टिक गंजत नाही, आंबट पाण्याला भीक घालत नाही, साबणाने स्वच्छ होतं. त्याचे शत्रू दोन, ऊन आणि आग. उन्हाने ते ठिसूळ होतं. चांगल्या पेटीत ऊन सोसणारं द्रव्य मिसळलेलं असतं, स्वस्तातल्या पेटीत नसतं आणि दोन उन्हाळ्यांत ती पांढुरकी पडून चिरते. शेडखाली ठेवली की हा प्रश्न निम्मा मिटतो. आगीचं काय सांगायचं? एक पेटलेलं विडीचं थोटूक पुरतं. दिवाळीत आपल्याकडे एक निळं पिंप कसं मेणबत्तीसारखं वितळत गेलं ते बी विंगच्या मंडळींना माहीत आहे. या पेट्या मोडतात त्या मात्र अंगाने नाही. चाकाचा आस आणि झाकणाची बिजागरी आधी जाते. आस बदलून मिळतो, थोडक्यात काम होतं. आपण मात्र चाक गेलं की पेटी कोपऱ्यात लोटतो आणि नव्या पेटीचं कोटेशन मागवतो. चाक गेलेली पेटी रोज ओढणाऱ्याला ती किती जड लागते, हे कोटेशन वाचणाऱ्याला कळत नाही.

आता पेंग्विन. बागांमधून, स्टँडवर, प्राणिसंग्रहालयात 'मला वापरा' म्हणत उभे असलेले ससे, माकडं आणि पेंग्विन फायबरचे असतात. काचेचे तंतू राळेत बसवून वर गुळगुळीत रंगीत थर देतात. मुलं हौसेने त्यात कागद टाकतात, हा त्यांचा गुण मान्य. अवगुण असा की वरचा थर तडकला की आतले काचेचे तंतू उघडे पडतात आणि हात लावणाऱ्याला खाजवत बसावं लागतं. शिवाय चोचीतून आत गेलेला कचरा बाहेर काढायला पाठीमागे एक छोटं दार असतं, त्याची कडी पहिल्या पावसात गंजते. त्यानंतर सफाईच्या मावशी पेंग्विनच्या घशात हात घालून कचरा काढतात. सिमेंटच्या कुंडीचंच सोंग, फक्त हसऱ्या तोंडाचं. फायबर मोडलं की भंगारवालाही घेत नाही, कारण ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही.

बांबूचा उल्लेख न करता पुढे गेलो तर आपल्या ट्रेकिंगच्या मंडळींना राग येईल. मेघालयातल्या मावलिनॉंग गावात वाटेवर ठिकठिकाणी बांबूच्या निमुळत्या टोपल्या ठेवलेल्या आहेत आणि गावाची स्वच्छतेबद्दल मोठी ख्याती आहे. बांबू पाणी धरत नाही, पाऊस सोसतो काही काळ, मग कुजतो. तिथे त्याने बिघडत नाही. टोपलीत बहुतेक पालापाचोळा पडतो, आणि टोपली कुजली तर ती विणणारा गावातच आहे. टोपली चांगली म्हणून ते गाव स्वच्छ नाही. तिथे लोक स्वतः झाडतात. आपण तीच टोपली आणून गेटपाशी ठेवली तर आठ दिवसांत तिच्यातून वरणाचं पाणी गळायला लागेल.

पुण्याने मधल्या काळात वेगळाच मार्ग धरला: कुंडीच नको. दारातून कचरा घ्यायचा, चौकातली कुंडी उचलायची. याच्या मागे मोठी चळवळ आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पॅरिसच्या कचरावेचकांचं पोट झाकणाने बंद केलं होतं. इथल्या कचरावेचक बायांनी संघटना केली, ओळखपत्र मिळवलं, आणि उपसायला कुंडीपाशी जाण्यापेक्षा कचरा थेट घराकडून घेऊ म्हणाल्या. त्यातून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी तिचा करार झाला. तीही सहकारी संस्था, आपणही सहकारी संस्था. फरक इतकाच की त्यांच्या सभासदांना गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावं लागत नसेल.

चौकातल्या कुंड्या कमी झाल्या, पण कुंडी उचलली की कचरा हवेत विरत नाही. कुंडी असलेल्या जागी लोक सवयीने पिशव्या टाकत राहतात, मग तिथे रांगोळी काढावी लागते, देवाची टाइल लावावी लागते, पहारा ठेवावा लागतो. आणि चालत्या माणसाच्या हातातल्या चहाच्या कपाचं, केळ्याच्या सालीचं काय? त्याला दारातून कचरा घेणारं कोणी नाही. रस्त्यावर लहान पेट्या हव्यातच. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यानंतर देशभर रस्त्यांच्या कडेला दोन-दोन पेट्यांच्या जोड्या उभ्या राहिल्या, पुष्कळ ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या, मध्ये आडव्या दांड्यावर झुलणाऱ्या. कल्पना उत्तम. कडी काढली, पेटी पालथी केली, झालं. काही महिन्यांत कित्येक ठिकाणी नुसता दांडा उरला, कारण स्टीलला भंगारात चांगला भाव आहे. राहिलेल्यांपैकी काहींची फिरकी अडकली, काहींना बूड राहिलं नाही. बूड नसलेल्या पेटीत लोक नेमाने कचरा टाकतात आणि तो नेमाने खाली पडतो, हे दृश्य मी फिरायला जाताना बरेच महिने पाहत होतो.

स्टेनलेस म्हणजे न डागाळणारं, हेही पूर्ण खरं नाही. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो, तो शाबूत तोवर गंज नाही. संडास साफ करायचं ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडर वापरली की त्यातलं क्लोराइड या थराला टोचतं आणि बारीक खड्डे पडतात. लोखंडी काथ्याने घासलं तर काथ्याचे कण अडकून तेच गंजतात आणि आपण म्हणतो स्टील गंजलं. साबणाचं पाणी, मऊ कापड, वर भरपूर साधं पाणी, पुरे. घरातल्या ताटाला जे चालतं तेच.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत आहे. रौप्यमहोत्सवी निधीतून बाग, गेट आणि क्लब हाउसपाशी स्टीलच्या सहा पेट्या बसवाव्यात, त्यावर सोसायटीचं नाव कोरावं, असा प्रस्ताव आहे. माझा स्टीलला विरोध नाही. पण प्रस्तावात पेट्यांची किंमत आहे, कोरीव अक्षरांचा दर आहे, उद्घाटनाचा खर्चसुद्धा आहे. देखभालीचा आकडा नाही. पेटी रोज कोण रिकामी करणार, आठवड्यातून कोण धुणार, धुतलेलं पाणी कुठे जाणार, बिजागरीला तेल कोण घालणार, याची एक ओळही नाही. हे सगळं आत्ता ज्या करतात त्या मावशी पंचावन्नच्या पुढे आहेत, सकाळी सहाला येतात, आणि पेंग्विनमधून काच लागून त्यांच्या उजव्या हाताला दोन टाके पडले त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. त्या वेळी औषधाचे पैसे काही सभासदांनी आपापसात गोळा करून दिले. सोसायटीच्या हिशेबात ते कुठेच नाहीत.

म्हणून मी सचिवांकडे लेखी दुरुस्ती दिली आहे. पेटी अशी हवी की आतला डबा एका हाताने वर उचलून निघेल. तळ जमिनीपासून वर, खाली पाण्याला वाट. किमतीच्या ठरावीक टक्के रक्कम दरवर्षी देखभालीच्या खात्यात वेगळी, टक्के किती ते सभेने ठरवावं. जाड रबरी हातमोजे दर तिमाहीला, सोसायटीच्या खर्चाने. पेंग्विनला निवृत्ती. लहान मुलांची हरकत येईल, त्यांच्यासाठी त्याला कुंडी करून आत मोगरा लावता येईल, तळाला भोक आहेच. आणि बागेच्या मागच्या भिंतीला, जिथे पेट्या धुतल्या जातील, तिथे एक नळ आणि साबणाचं फडताळ. सध्या मावशी हात धुवायला पंपाच्या खोलीतल्या गळक्या कॉकपाशी जातात, आणि त्या खोलीला दुपारी दोननंतर कुलूप असतं.